वागणुकीची वही

लेकीच्या बाळंतपणाला होबार्टला गेले होते. टास्मानिया म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या पायाशी पडलेलं बेट, एवढंच जावयानं सांगितलेलं. नातू झाला, घरातल्या घरात बारसं झालं. दुपारी मायलेकरं झोपली की मी मोबाईलवर माझं जुनं काम काढून बसायची. निवृत्त होईपर्यंत भूमी अभिलेखात होते आणि मला मोडी येते. त्यामुळे गावाकडची माणसं अजूनही कोतवाल बुकाच्या पानांचे फोटो पाठवतात : ‘ताई, पणजोबांच्या नावापुढं कुणबी लिहिलंय का बघा.’

शेजारी ऐंशी ओलांडलेल्या एक बाई राहतात. लेक त्यांना सरळ नावानं हाक मारते, तिकडे तसंच चालतं. माझ्या जिभेला ते जमेना, म्हणून मी ‘आजी’ म्हणायला लागले. मी स्वतः साठीच्या पुढची. त्यांना वाटलं ही काहीतरी मानाची पदवी असावी, आणि त्यांनी ती ठेवून घेतली. एकदा बाळाला बघायला आल्या तेव्हा माझ्या मोबाईलवर मोडीचं पान उघडं होतं. हे काय, म्हणून विचारलं. लेकीनं समजावून सांगितलं. आजी जरा वेळ गप्प बसल्या, घरी गेल्या आणि एक जाड पाकीट घेऊन आल्या. ‘मग हे वाचता येईल?’

आत त्यांच्या खापरपणजीच्या लग्नाच्या नोंदीची प्रत होती. साल १८५२, होबार्ट. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेले की ही बाई आयर्लंडहून एका बड्या घरात मुलांना शिकवायला म्हणून आली. माझं बोलायचं इंग्रजी यथातथाच, पण इनामांच्या जुन्या फायलींतले गोऱ्या कलेक्टरांचे शेरे वाचण्यात माझी वर्षं गेलीत. नोंदीच्या तळाशी नवऱ्याची सही होती आणि बायकोच्या नावापुढे फुली. मुलांना शिकवणारी बाई सहीच्या जागी फुली का मारील? मी काही बोलले नाही. आजी माझ्याकडे बघत होत्या. ‘मलाही तेच वाटायचं,’ त्या म्हणाल्या.

त्यांची परवानगी घेऊन हे लिहिते आहे. खापरपणजीचं नाव मात्र देत नाही, घरात अजून दोघातिघांना ते नको आहे.

तिथले दप्तर पाहून मी थक्क झाले. १८०३ ते १८५३ या काळात पाऊण लाखाच्या आसपास कैदी या बेटावर आणून उतरवले. तेव्हा त्याचं नाव व्हॅन डीमन्स लँड, टास्मानिया हे १८५६ पासूनचं. त्यांत सुमारे साडेबारा हजार बायका. यातल्या जवळपास प्रत्येकाची कुठे ना कुठे नोंद आहे. उंची बुटांशिवाय मोजलेली, कपाळ, भुवया, नाक, हनुवटी यांचे वेगवेगळे रकाने, अंगावरचे व्रण, देवीचे वण, गोंदण. पळाली तर ओळखता यावी म्हणून हे सगळं. युनेस्कोनं २००७ साली ऑस्ट्रेलियातली ही कैद्यांची दप्तरं जागतिक स्मृतीच्या यादीत घेतली. होबार्टमध्ये मरे स्ट्रीटवर ग्रंथालयाच्या इमारतीत अभिलेखागार आहे, पण बहुतेक वह्यांची पानं घरबसल्या फुकट दिसतात. आपल्याकडे एका फेरफारासाठी किती खेटे घालावे लागतात, ते आठवून मला थोडा रागही आला.

पहिले तीन आठवडे मी चुकीच्या बाईमागे होते. आयरिश नावं आपल्या गंगू-यमुनांसारखी, प्रत्येक बोटीत मेरी, ब्रिजेट आणि कॅथरीन डझनांनी. त्यात आडनावाचं स्पेलिंग कारकुनाच्या कानावर. बोलणारी आयरिश, कदाचित इंग्रजी जेमतेम येणारी, आणि लिहिणारा इंग्रज. मला सापडलेली बाई तांबड्या केसांची, तोंडाळ, सतरा वेळा शिक्षा झालेली. मी तिच्यावर जीव लावून बसले. मग लक्षात आलं की ती १८५१ मध्येच वारलेली. ५२ साली लग्न कशी करील?

हे आधीच तपासायला हवं होतं. कैद्यांना लग्नासाठी सरकारची परवानगी लागायची आणि तिची वेगळी वही आहे. वर, वधू, आणि प्रत्येकाच्या नावापुढे तो किंवा ती ज्या जहाजातून आली त्याचं नाव. त्या सगळ्या दप्तरात जहाज हेच माणसाचं खरं आडनाव. मरेपर्यंत सुटत नाही. आमच्या बाईपुढे ‘किनीअर’ लिहिलं होतं. किनीअर जहाज १८४८ साली डब्लिनहून बायका घेऊन होबार्टला आलं. त्यानंतर सगळं सुतासारखं उलगडत गेलं.

जहाज कळल्यावर तिची ‘वागणुकीची वही’ उघडली. अशा वह्यांत माणशी एकच पान. सगळं आयुष्य त्यातच कोंबायचं, म्हणून अक्षर मुंगीएवढं, आणि सगळीकडे तोडलेले शब्द. मोडी वाचताना करते तेच केलं. त्या कारकुनाच्या हातची अक्षरं एका कागदावर काढली, प्रत्येकाखाली तो शब्द जिथे स्पष्ट आहे तिथला नमुना. ‘पास’ शब्दातला पहिला एस लांबडा, एफसारखा दिसणारा, त्यावर माझा अख्खा दिवस गेला. ‘टी. एल.’ म्हणजे तिकीट ऑफ लीव्ह, शिक्षा संपायच्या आत स्वतःचं काम स्वतः शोधायची सवलत. ‘एच. एल.’ म्हणजे सक्तमजुरी. ‘सेल्स’ म्हणजे कोठडीत एकटं डांबणं.

पानाच्या माथ्यावर तिचा गुन्हा होता : मेंढी चोरली. शिक्षा सात वर्षं. काउंटी, म्हणजे जिल्हा, मेयो. वय बावीस, उंची पाच फुटांच्या आत, धर्म कॅथलिक, लिहिता-वाचता येत नाही.

खटला १८४७ च्या अखेरचा. बटाट्यावर करपा पडला १८४५ मध्ये, आणि पुढच्या सहा-सात वर्षांत आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसं भुकेनं आणि तापानं गेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. सत्तेचाळीस साल तिकडे ‘काळं सत्तेचाळीस’ म्हणूनच ओळखतात. मी माणदेशातली. बहात्तरच्या दुष्काळात दहा वर्षांची होते, आईबरोबर खडी फोडायला जायची. बोटांवर हातोडी बसली की आई फडक्याची चिंधी बांधायची आणि पुन्हा बसवायची, कारण हजेरी चुकली की सुकडी चुकली. आयर्लंडमध्येही सरकारनं रस्त्यांची दुष्काळी कामं काढली होती आणि बायकापोरं दगड फोडायला बसली होती, हे वाचलं तेव्हा मोबाईल बाजूला ठेवून उठले आणि बाळाची दुपटी घड्या घालत बसले.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते एक कलम. १८४७ च्या कायद्यात त्यांनी घातलं की ज्याच्या ताब्यात पाव एकरापेक्षा जास्त जमीन आहे त्याला सरकारी मदत नाही. पाव एकर म्हणजे दहा गुंठे. पोटाला हवं असेल तर जमीन सोडा. जन्मभर सातबारे हाताळलेत मी, दहा गुंठ्यांसाठी सख्खे भाऊ एकमेकांच्या जिवावर उठलेले पाहिलेत. ते कागद लिहिणाऱ्याला कुळाची जमीन म्हणजे काय ते कळत नव्हतं असं मला वाटत नाही. पक्कं कळत होतं.

तिकडच्या जमिनीच्या नोंदी तपासायचा मोह मग आवरला नाही. आयर्लंडमध्ये १८२३ ते १८३७ या काळातली चर्चच्या कराची पुस्तकं आहेत, आणि १८४७ ते १८६४ मध्ये झालेलं ग्रिफिथचं मूल्यांकन, ज्यात प्रत्येक घर, प्रत्येक तुकडा, कसणारा आणि मालक. आपल्या हक्कनोंदणीची चुलत बहीणच. दोन्ही घरबसल्या पाहता येतात. पहिल्यात तिच्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीत, तिच्या आडनावाची चार कुटुंबं. दुसऱ्यात एकही नाही. जागेवर एकच मोठा चराऊ पट्टा, एका मालकाच्या नावे. मधली पानं कुणी लिहिली नाहीत.

आयरिश कागदपत्रांची वाट निम्मी जळालेली आहे. ३० जून १९२२ ला यादवी युद्धाच्या सुरुवातीला डब्लिनच्या फोर कोर्ट्‌समधलं अभिलेखागार स्फोटात आणि आगीत गेलं. शतकांची दप्तरं गेली, १८३६ च्या आधीची हद्दपारीची रजिस्टरंही. आमची बाई नंतरची, म्हणून बचावली. उरलेल्या नोंदींच्या मायक्रोफिल्म आयर्लंडनं १९८८ साली ऑस्ट्रेलियाला भेट दिल्या, गोऱ्यांच्या वस्तीला दोनशे वर्षं झाली त्या निमित्तानं. भेट म्हणून कैद्यांची यादी देणं मला आधी विचित्र वाटलं. आता नाही वाटत.

त्याच दप्तरात दयेचे अर्ज आहेत. आमच्या बाईचा नव्हता, पण मी पन्नासेक दुसऱ्यांचे वाचले. ओळखीची भाषा! ‘अर्जदार अत्यंत नम्रपणे सादर करतो की…’ आणि शेवटी ‘अर्जदार सदैव आपल्यासाठी प्रार्थना करील’. स्वतःविषयी तृतीयपुरुषी बोलायचं, खाली सही किंवा फुली, शेजारी पाद्र्याची शिफारस. आमच्या कचेरीच्या दारात बसणारे अर्जनवीस हेच लिहायचे. काही बायकांनी तर नवऱ्याबरोबर आम्हालाही पाठवा म्हणून अर्ज केलेत. आणि दुष्काळाच्या वर्षांत हद्दपारी मिळावी म्हणून मुद्दाम गुन्हे करणाऱ्या बायकाही होत्या. गंजी पेटवून द्यायची आणि तिथेच उभं राहायचं. जहाजावर निदान रोज शिजलेलं मिळतं.

आपण काळं पाणी म्हटलं की अंदमान डोळ्यापुढे आणतो. पोर्ट ब्लेअरची वसाहत १८५८ ची. त्याआधी सत्तर वर्षं इंग्रजांनी हा खेळ ऑस्ट्रेलियात खेळून घेतलेला होता. आयर्लंडहून थेट गेलेलं पहिलं कैदी जहाज ‘क्वीन’, १७९१ मध्ये कॉर्कहून सिडनीला. त्यातल्या माणसांची शिक्षेची कागदपत्रं जहाजाबरोबर पाठवलीच नव्हती. कुणाला सात वर्षं, कुणाला जन्मठेप, हे सिडनीत कुणालाच सांगता येईना, आणि पुढची कित्येक वर्षं ती कागदपत्रं आली नाहीत. मुदत संपलेली माणसं सांगत राहिली की आमची सुटली. कागद कुठाय? नोकरीत मी कितीदा लोकांना ‘कागद आणा’ म्हणून परत पाठवलंय, ते ह्या ओळींवर आठवलं.

मारहाणीबद्दल फार लिहिणार नाही. तो शोध घेताना वाचावं लागतंच. १८०० साली सिडनीजवळ टूनगॅबी इथे उठावाच्या संशयावरून दोन आयरिश कैद्यांना तीनतीनशे फटके मारले, एक मारणारा उजवा आणि एक डावखुरा, मळणीच्या दांडक्यांसारखे आळीपाळीनं. हे पाहणाऱ्या जोसेफ होल्ट या हद्दपार आयरिश पुढाऱ्यानं लिहून ठेवलंय. दोघांतल्या धाकट्यानं शेवटपर्यंत कुणाचं नाव सांगितलं नाही. बायकांना सहसा फटके नसत. सुरुवातीच्या दशकांत त्यांचे केस कापत. त्याची बायकांना फटक्यांपेक्षा जास्त धास्ती असे म्हणतात. ज्या घरात केशवपन झालेली आजी होती त्या घरातल्या कुणाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

पुरुषांच्या वह्या चाळताना एक गंमतही झाली. आयर्लंडचा जवान, आणि खटल्याच्या रकान्यात ‘पूना, कोर्ट मार्शल’. मी चष्मा पुसला. गोऱ्या पलटणींत आयरिश पोरं भरलेली असत, वरच्याला मारलं, पळून गेला की आपल्याच छावण्यांत कोर्टमार्शल होऊन त्यांना टास्मानियाला पाठवत. असे बरेच निघाले. लेकीला ओरडून बोलावलं, बाळ जागं झालं, बोलणी खाल्ली.

आता पुन्हा आमच्या बाईकडे. डब्लिनला ग्रेंजगॉर्मनच्या बायकांच्या तुरुंगात तिला ठेवलं, शिवण आणि धुणं शिकवलं, मग साडेतीन महिन्यांचा समुद्र. होबार्टला उतरल्यावर लगेच जमिनीवर पाय नाही. डरवेंट नदीत ‘अ‍ॅन्सन’ नावाची जुनी युद्धनौका नांगरून ठेवली होती, १८४४ ते १८५० पर्यंत नव्या बायकांना त्यात सहा महिने ठेवत. मग घरकामाला. चार ठिकाणं बदललेली दिसतात. आणि मग शेरे : ‘परवानगीशिवाय बाहेर’. ‘उद्धटपणा’. पुन्हा ‘परवानगीशिवाय बाहेर, सात दिवस कोठडी’.

या वहीचा एक स्वभाव आहे आणि तो कळायला मला वेळ लागला. बाई कामावर वेळेत गेली, पोटभर जेवली, कुणाशी हसून बोलली, यातलं काही इथे येत नाही. ती चुकली की कारकून लेखणी उचलतो. आपण वाचताना म्हणतो, किती भांडखोर बाई होती! चार वर्षांत पाच शेरे. उरलेले साडेचौदाशे दिवस?

पाचवा शेरा १८५० चा. अनौरस मूल, सहा महिने सक्तमजुरी, कॅस्केड्‌स.

कॅस्केड्‌सची ‘फीमेल फॅक्टरी’ आमच्या घरापासून चालत अर्ध्या तासावर. नाव फॅक्टरी, पण बायकांचा तुरुंग, १८२८ पासूनचा. आता जागतिक वारसा आहे. मी बाळाला बाबागाडीत घालून गेले. डोंगराच्या पायथ्याची खोलगट जागा, शेजारून ओढा, हिवाळ्यात ऊन लवकर जातं. भर दुपारी माझे पाय गारठले. उंच भिंती आणि मधे मोकळी अंगणं, इमारती बहुतेक गेल्या. मालकाच्या घरात काम करणारी कैदी बाई गरोदर राहिली की तिला इथे परत पाठवत. बाप कोण, हे वहीत नसतंच. बाळंत झाली की काही महिने अंगावर पाजायची, मग मूल तोडून नर्सरीत ठेवायचं आणि आईनं शिक्षा भोगायची. कोंदट खोल्या, दाटी, ओल. मुलं पटापट जात, इतकी की त्या काळातल्या होबार्टच्या वर्तमानपत्रांतही त्यावर आरडाओरडा झाला.

मृत्यूची नोंद शोधायची का, यावर माझं आणि लेकीचं वाजलं. ती म्हणाली, ‘आई, त्यांनी लग्नाचं विचारलंय, एवढंच दे.’ ओली बाळंतीण होती ती, तिचं म्हणणं मला कळत होतं. पण मी आयुष्यभर अर्धा उतारा कुणाला दिला नाही. होबार्टच्या मृत्यूच्या रजिस्टरात दोन संध्याकाळींत सापडली. मुलगी, वय नऊ महिने, अतिसार.

आणि नाव. ते नाव मी आधी पाहिलं होतं. जहाजावरच्या दुसऱ्या वहीत कैद्याच्या नात्यातल्यांची नावं विचारून लिहिलेली असतात, मागे कोण राहिलं ते. तिच्या पुढे बाप नाही, दोन भाऊ, आणि आईचं नाव. मुलीला तिनं ते ठेवलं होतं.

सगळे कागद घेऊन आजींकडे गेले. त्यांनी चहा केला, माझ्यासाठी दूध जरा जास्त. मी एकेक पान पुढे करत गेले, लेक समजावून सांगत गेली. मेंढीवर त्या हसल्या. ‘निदान भुकेली होती,’ म्हणाल्या. दहा गुंठ्यांवर काही बोलल्या नाहीत. कॅस्केड्‌सचं पान आलं तेव्हा त्यांनी ते स्वतःच्या हातात घेतलं आणि भिंग लावून कितीतरी वेळ बघत बसल्या. त्यांच्या आत्यानं म्हणे एका जुन्या पत्रातलं अख्खं पान कापून टाकलं होतं. त्यांच्या लहानपणी कैद्याचं रक्त अंगात असणं ही लपवायची गोष्ट होती. शाळेत कुणी विचारलं तर ‘आम्ही नंतर आलो’ म्हणायचं. इकडे आमच्याकडे लोक पूर्वजाची नोंद मिळावी म्हणून दप्तरं पालथी घालतात.

वहीत १८५२ ला ‘टी. एल.’ आहे, मग लग्नाची परवानगी. त्याखाली पान कोरं. तिला पुढे सात मुलं झाली, नवऱ्याबरोबर ह्यूऑन खोऱ्यात झाडं तोडून जमीन काढली, सत्तरी गाठली. हे सगळं आजींच्या घरच्या कागदांतून. सरकारी वहीला यातलं काहीही ठाऊक नाही.

शेवटी मी मृत्यूची नोंद पुढे ठेवली. आजींनी नाव वाचलं. पुन्हा वाचलं. मग उठून कपाटातून घराण्याची वंशावळ काढली, चार पुठ्ठे चिकटपट्टीनं जोडलेली. १८५३ साली जन्मलेली त्यांची पणजी, थोरली म्हणून जिच्या नावाभोवती लाल चौकट होती, तिचं नाव तेच.

‘दुसरी,’ आजी म्हणाल्या. पेन्सिल शोधली, सापडेना. लेकीनं पर्समधून काढून दिली. पणजीच्या नावाशेजारचा १ त्यांनी खोडरबरानं पुसला, बराच जोर लावावा लागला, आणि तिथे २ लिहिला. मग वरच्या बाजूला पुठ्ठा संपत होता तिथे, अगदी कडेला, बारीक अक्षरात तेच नाव पुन्हा लिहिलं, आणि मला विचारलं, ‘नऊ महिनेच ना?’